विश्लेषण : जुने विंडोज नव्या लॅपटॉपच्या पोटात! ‘व्हर्च्युअल मशीन’ कुणाच्या कामाचे, कुणासाठी डोकेदुखी?

लग्नपत्रिका, पतसंस्थेचा वार्षिक अहवाल, शाळेच्या प्रश्नपत्रिका छापून देणाऱ्या एखाद्या जुन्या डीटीपी सेंटरमध्ये डोकावलात, तर कोपऱ्यात एक पिवळट पडलेला सीपीयू हमखास दिसतो. त्यात विंडोज एक्सपी, त्यावर पेजमेकर आणि मागच्या बाजूला मराठी फाँटच्या पॅकेजसोबत आलेले डोंगल. या यंत्राला मालकाशिवाय कुणी हात लावायचा नाही, हा अलिखित नियम. कारण वीस वर्षांचे काम त्याच एका हार्डडिस्कमध्ये आहे आणि ते उघडणारे दुसरे यंत्र दुकानात नाही.

अशीच परिस्थिती किराणा मालाच्या घाऊक दुकानात, अडत्याच्या पेढीवर, सीएच्या ऑफिसातही दिसते. कुणाचे बिलिंग अजून फॉक्सप्रोमध्ये, कुणाचे वजनकाट्याचे सॉफ्टवेअर फक्त विंडोज ७ वर चालते. त्यात मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षा अपडेटची मुदतवाढ आहे, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. नवा लॅपटॉप घ्यावा तर त्यात विंडोज ११ आणि त्यावर जुने सॉफ्टवेअर हटून बसते.

मग हार्डवेअरवाला किंवा इंजिनीअरिंगला असलेला भाचा सुचवतो, ‘व्हर्च्युअल मशीन टाकून घ्या, त्यात एक्सपी चालेल.’ हा सल्ला बरोबर आहे का? बहुतेक वेळा आहे. पण तो देणारा अर्धीच गोष्ट सांगतो.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे नेमके काय?

सोप्या शब्दांत सांगायचे तर संगणकाच्या आत, सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक. त्याला स्वतःचा प्रोसेसर, रॅम, हार्डडिस्क, नेटवर्क कार्ड असल्याचे भासवले जाते. त्यात विंडोज किंवा लिनक्स टाकले की ती ऑपरेटिंग सिस्टीम ‘आपण खऱ्या यंत्रावर आहोत’ असे समजून कामाला लागते. प्रत्यक्षात तिची ‘हार्डडिस्क’ ही तुमच्या लॅपटॉपवरची एक भलीमोठी फाइल असते आणि तिचा ‘मॉनिटर’ ही एक खिडकी.

बाहेरच्या खऱ्या सिस्टीमला ‘होस्ट’ म्हणजे यजमान म्हणतात, आतल्या सिस्टीमला ‘गेस्ट’ म्हणजे पाहुणा. दोघांमध्ये वाटणी करणारे सॉफ्टवेअर म्हणजे ‘हायपरव्हायजर’. जुन्या वाड्यात एकाच नळावर चार भाडेकरू असत आणि कुणी किती हंडे भरायचे हे मालक ठरवायचा, तसे काहीसे. फरक एवढाच, की इथे प्रत्येक भाडेकरूला आपण एकटेच राहतो असे वाटते.

ओरॅकलचे व्हर्च्युअलबॉक्स, ब्रॉडकॉमचे व्हीएमवेअर वर्कस्टेशन, विंडोजच्या प्रो आवृत्तीत मिळणारे हायपर-व्ही, लिनक्समधले केव्हीएम आणि मॅकसाठीचे पॅरलल्स ही त्यातली ओळखीची नावे.

ही कल्पना नवी आहे का?

अजिबात नाही. मोठ्या मेनफ्रेम संगणकांवर अनेकांना एकाच वेळी काम करता यावे यासाठी आयबीएमने १९६० च्या दशकातच हा प्रयोग केला होता आणि १९७२ मध्ये ‘व्हीएम/३७०’ ही प्रणाली जाहीर केली. त्या काळी ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला ‘सुपरव्हायजर’ म्हणत. त्याच्याही वर बसणारा तो ‘हायपरव्हायजर’.

घरगुती संगणकांपर्यंत ही सोय यायला मात्र पुढची सत्तावीस वर्षे लागली. कारण तांत्रिक होते. पाहुण्या सिस्टीमने यंत्राच्या ताब्याशी संबंधित एखादी आज्ञा दिली, की प्रोसेसरने तिथेच थांबून हायपरव्हायजरला विचारले पाहिजे, ही मूलभूत अट जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये मांडली होती. इंटेलच्या पेंटियममध्ये अशा १७ आज्ञा सापडल्या, ज्या न विचारता गुपचूप पुढे जात. त्यामुळे पाहुण्याला भलतीच उत्तरे मिळण्याचा धोका होता. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने या आज्ञा चालू असतानाच बदलून घेण्याची युक्ती काढली आणि १९९९ मध्ये साध्या पीसीवर चालणारे उत्पादन बाजारात आणले. पुढे २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडी या दोघांनीही प्रोसेसरमध्येच ही सोय दिली. तुमच्या आजच्या लॅपटॉपमध्ये ती आहेच. अनेकदा फक्त बंद करून ठेवलेली असते.

क्लाउडचा सगळा डोलारा यावरच उभा आहे. ‘सर्व्हर भाड्याने घेतला’ असे एखादी कंपनी म्हणते, तेव्हा तिला बहुतेक वेळा अख्खे यंत्र नव्हे, तर डेटा सेंटरमधल्या एका दांडग्या यंत्राचा व्हर्च्युअल तुकडा मिळालेला असतो. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे आणि मुंबईत, तर अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत क्लाउडची केंद्रे सुरू केली. आपल्या फोनवरची कित्येक अ‍ॅप अशाच तुकड्यांशी बोलत असतात. पण तो विषय मोठ्या कंपन्यांचा. आपण दुकानात परत येऊ.

जुने मराठी काम यात खरोखर वाचते का?

वाचते आणि माझ्या मते व्हर्च्युअल मशीनचा सामान्य माणसाला होणारा हा सर्वांत मोठा फायदा आहे.

युनिकोड रुळण्याआधीच्या मराठी फाँटमध्ये देवनागरी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. संगणकाच्या लेखी ती फाइल इंग्रजीच. तो विशिष्ट फाँट असला तर ‘श्री गणेशाय नमः’ दिसते, नसला तर टोप्या आणि टिंबे लावलेली परकी अक्षरे. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. त्यामुळे जुनी फाइल जशीच्या तशी उघडायची तर तेच पॅकेज, तोच फाँट आणि शक्यतो तीच पेजमेकरची आवृत्ती लागते. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती ७.० होती, ती २००१ मध्ये आली. त्यानंतर अ‍ॅडोबीने सगळे लक्ष इनडिझाइनकडे वळवले.

व्हर्च्युअल मशीनमध्ये एक्सपी, पेजमेकर आणि फाँटचे पॅकेज एकदा नीट बसवले, की ते सगळे एका फाइलमध्ये बंद होते. ती फाइल पेन ड्राइव्हवर नाही मावली तरी बाहेरच्या हार्डडिस्कवर सहज मावते. लॅपटॉप बदलला, चोरीला गेला, त्यावर चहा सांडला, तरी ती फाइल दुसऱ्या यंत्रावर नेऊन उघडता येते. एक्सपीची भूकही कमी. ५१२ एमबी किंवा १ जीबी रॅम दिली तरी तो खूश असतो. ८ जीबीच्या लॅपटॉपवर हे निवांत चालते.

दोन ठिकाणी मात्र अडते.

पहिले म्हणजे डोंगल. यूएसबीचे असेल तर ते होस्टकडून काढून पाहुण्याच्या हवाली करता येते. बहुतेक हायपरव्हायजरमध्ये तशी सोय आहे. पण नव्वदच्या दशकातले, प्रिंटरच्या रुंद पोर्टला लावायचे डोंगल असेल, तर नव्या लॅपटॉपला तो पोर्टच नाही. यूएसबीला जोडणारी स्वस्त केबल प्रिंटरसाठी चालून जाते, डोंगलसाठी तिच्या भरवशावर राहू नये. अशा वेळी ज्या कंपनीचे पॅकेज आहे तिला फोन करून डोंगल बदलून मिळते का, हे आधी विचारावे. नंतर विचारले तर उपयोग नसतो.

दुसरे म्हणजे आतला मजकूर बाहेर आणणे. होस्ट आणि गेस्टमध्ये कॉपी-पेस्ट करता येते, पण पेजमेकरमधून कॉपी केलेला परिच्छेद व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवलात, की पुन्हा तीच परकी अक्षरे. ती चूक व्हर्च्युअल मशीनची नाही. मजकुराला फाँट कन्व्हर्टरमधून काढून युनिकोडमध्ये आणावेच लागते. जोडाक्षरे आणि रफार हाताने तपासावे लागतात, ते वेगळेच. केवळ छपाईसाठी पान बाहेर काढायचे असेल, तर आतूनच पीडीएफ बनवावी आणि तीत फाँट समाविष्ट झाला आहे याची खात्री करावी.

फॉक्सप्रो, डॉसवरची बिले यांचे काय?

विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते आणि ६४ बिट विंडोजवर डॉसच्या काळातले १६ बिट प्रोग्रॅम चालतच नाहीत. ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ला कितीही टिकमार्क करा, उपयोग शून्य. व्हर्च्युअल मशीनमध्ये ३२ बिट विंडोज टाकले तर त्यातले बरेच प्रोग्रॅम उठून बसतात.

पण फॉक्सप्रो २.६ बसवणाऱ्याला एक विचित्र अनुभव येऊ शकतो. प्रोग्रॅम सुरू होताक्षणी ‘डिव्हाइड’ची एरर देऊन बंद पडतो. जुन्या फॉक्सप्रोमध्ये यंत्राचा वेग मोजणारा एक हिशेब आहे. प्रोसेसर त्याच्या कल्पनेपेक्षा फारच वेगवान निघाला, की भागाकारात शून्य येते आणि सगळे कोसळते. १९९० च्या दशकाच्या शेवटी नवे पेंटियम आले तेव्हापासूनचे हे दुखणे आहे.

इथे व्हर्च्युअल मशीनचे स्वरूप नीट कळते. ती जुने यंत्र बनवत नाही. आतल्या प्रोग्रॅमच्या आज्ञा तुमच्या आजच्याच प्रोसेसरवर, त्याच्याच वेगाने धावतात. जुना प्रोसेसर हुबेहूब उभा करणे याला ‘इम्युलेशन’ म्हणतात आणि ते वेगळे तंत्र आहे. डॉसबॉक्ससारखा इम्युलेटर वेग मुद्दाम कमी करू शकतो, म्हणून अशा प्रोग्रॅमला तोच बरा. किंवा या दोषावर निघालेला पॅच शोधावा.

याच कारणाने एम१ किंवा त्यानंतरच्या चिपच्या मॅकवर जुना एक्सपी व्हर्च्युअल मशीन म्हणून चालत नाही. त्या चिपची भाषाच वेगळी, एआरएमची. तिथे पॅरलल्समध्ये विंडोज ११ ची एआरएम आवृत्ती उत्तम चालते आणि २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याला अधिकृत मान्यताही दिली. पण एक्सपी हवा असेल तर इम्युलेशनचा कासवछाप रस्ता. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरच्या नव्या विंडोज लॅपटॉपचेही तेच. दुकानासाठी लॅपटॉप घेताना ‘जुने सॉफ्टवेअर चालवायचे आहे’ हे विक्रेत्याला सांगितले पाहिजे ते यासाठी. इंटेल किंवा एएमडीच घ्या.

सीएच्या ऑफिसात, सायबर कॅफेत उपयोग काय?

डिजिटल सिग्नेचरचे टोकन वापरणाऱ्यांना हा त्रास ठाऊक आहे. एका पोर्टलला एक जुनी जावा लागते, दुसऱ्याला दुसरीच युटिलिटी, तिसऱ्याने सांगितलेली सेटिंग केली की पहिले बंद पडते. प्रत्येक कामासाठी वेगळे व्हर्च्युअल मशीन ठेवले तर ही भांडणे मिटतात. फक्त लक्षात ठेवायचे, की यूएसबी टोकन पाहुण्याला दिले की होस्टला ते दिसेनासे होते. ‘टोकन खराब झाले’ म्हणून धावपळ करण्यापूर्वी ते आत अडकले आहे का हे बघावे.

विद्यार्थ्यांसाठी तर हा खजिनाच आहे. लिनक्स शिकायचे आहे, सी-डॅकने बनवलेली ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली बघायची आहे, पण घरच्या एकुलत्या एक लॅपटॉपची हार्डडिस्क फॉरमॅट करायची हिंमत नाही, अशांनी व्हर्च्युअल मशीनमध्ये हवे तेवढे मोडावे. बिघडले तर फाइल डिलीट करून पुन्हा नवे.

ज्यांना लिनक्सची फक्त कमांड लाइन हवी आहे, त्यांना एवढाही खटाटोप नको. विंडोजमधील ‘डब्ल्यूएसएल’ हे काम करते. त्याची दुसरी आवृत्ती आतून एक हलके व्हर्च्युअल मशीनच आहे, ते वापरणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

‘स्नॅपशॉट’ घेतला की बॅकअप झाला का?

नाही! हा गैरसमज मी स्वतः महागात शिकलो आहे.

स्नॅपशॉट म्हणजे मशीनची त्या क्षणाची स्थिती गोठवून ठेवणे. नवे काहीतरी टाकण्याआधी स्नॅपशॉट घ्यायचा, बिघडले तर एका क्लिकमध्ये मागे जायचे. सोय विलक्षण आहे. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी माझा सगळा प्रोजेक्ट उबुंटूच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये होता आणि दर दोन दिवसांनी मी इमानेइतबारे स्नॅपशॉट घेत होतो. लॅपटॉपची डिस्क भरली म्हणून जागा करायला बसलो आणि सर्वांत जुनी, सर्वांत मोठी फाइल ‘आता हिचे काय काम’ म्हणून डिलीट केली. ती मूळ डिस्क होती. नंतरचे सगळे स्नॅपशॉट हे तिच्यावरच्या फक्त बदलांच्या नोंदी होत्या. पाया काढल्यावर वरच्या मजल्यांचे जे होते तेच झाले. रिपोर्ट मित्राला मेलवर पाठवला होता म्हणून निभावले.

दुकानदारासाठी याहून मोठा सापळा आहे. बिलिंगचे सॉफ्टवेअर आणि त्याचा डेटा दोन्ही व्हर्च्युअल मशीनच्या आत आहेत. सोमवारी स्नॅपशॉट घेतला, गुरुवारी काहीतरी बिघडले, म्हणून सोमवारच्या स्थितीवर परत गेलात, तर मंगळवार, बुधवारची बिलेही गेली. स्नॅपशॉटला सॉफ्टवेअर कोणते आणि उधारीची वही कोणती हे कळत नाही. तो सगळेच मागे नेतो.

म्हणून डेटा रोज आतून बाहेर काढून वेगळा ठेवावा. आणि मशीन पूर्ण बंद करून त्याचे संपूर्ण फोल्डर महिन्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवर कॉपी करावे. तोच खरा बॅकअप.

लॅपटॉप हळू होतो, ही तक्रार खरी आहे?

खरी आहे आणि बहुतेक वेळा दोष रॅमचा असतो. ८ जीबीचा हिशेब बघा. विंडोज ११ आणि ब्राउझरचे दोन-चार टॅब मिळून ४ ते ५ जीबी सहज खातात. उरलेल्यातून उबुंटूसारख्या आधुनिक लिनक्सला ४ जीबी द्यायची म्हटली की दोघेही उपाशी. मग डिस्कवर उचल-ठेव सुरू होते आणि माउससुद्धा अडखळतो. एक्सपी चालवायला ८ जीबी पुरे. आत विंडोज १० किंवा आधुनिक लिनक्स रोज वापरायचे असेल, तर १६ जीबी आणि एसएसडी नसताना या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरे कारण सेटिंगचे. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’मध्ये सीपीयूवर गेलात, की खाली ‘व्हर्च्युअलायझेशन’ सुरू आहे की बंद ते लिहिलेले असते. बंद असेल तर बायोसमध्ये जाऊन इंटेलचे ‘व्हीटी-एक्स’ किंवा एएमडीचे ‘एसव्हीएम’ सुरू करावे लागते. ते सुरू असूनही व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खाली हिरवे कासव दिसत असेल, तर समजावे की विंडोजच्या स्वतःच्या हायपर-व्हीने प्रोसेसरची ती सोय आधीच ताब्यात घेतली आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला तिच्या मागे रांगेत उभे राहावे लागते आहे. कासवाचे चित्र टाकणाऱ्या प्रोग्रॅमरच्या विनोदबुद्धीला दाद द्यावी लागेल.

गेमिंग आणि जड व्हिडीओ एडिटिंगचा विचार सोडून द्यावा. ग्राफिक्स कार्डाची पूर्ण ताकद पाहुण्याला सहजासहजी मिळत नाही. शिवाय अनेक गेममधली फसवणूकविरोधी यंत्रणा व्हर्च्युअल मशीन दिसताच दार लावून घेते. ऑनलाइन परीक्षांच्या काही सॉफ्टवेअरचेही तसेच. सेफ एक्झाम ब्राउझर व्हर्च्युअल मशीनमध्ये मुळात सुरूच होत नाही, परीक्षा घेणाऱ्याने परवानगी दिली असेल तरच. परीक्षेच्या दिवशी हे कळू नये.

व्हायरसपासून संरक्षण मिळते का?

मिळते, पण जाहिरातीत वाटते तितके नाही. आतल्या पाहुण्याला व्हायरस लागला तर तो तिथेच कोंडलेला राहणे अपेक्षित असते. म्हणूनच सुरक्षातज्ज्ञ संशयास्पद फाइल व्हर्च्युअल मशीनमध्ये उघडतात. विंडोजच्या प्रो आवृत्तीतला ‘सँडबॉक्स’ हाच प्रकार आहे. खिडकी बंद केली की आतले सगळे पुसले जाते.

भिंतीला खिंडार मात्र आपणच पाडतो. सोयीसाठी होस्टचे ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर पाहुण्याशी शेअर केले, की आतल्या रॅन्समवेअरला बाहेरच्या फाइलींचा थेट रस्ता मिळतो. एक्सपीला मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ पासून वाऱ्यावर सोडले आहे, विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० पासून. त्यांना व्हर्च्युअल मशीनमध्ये ठेवल्याने त्यांच्या जुन्या भेगा बुजत नाहीत. एक्सपीच्या मशीनचे नेटवर्क कार्ड सेटिंगमध्ये सरळ बंद करून टाका. पेजमेकरला इंटरनेट कशाला हवे?

गुन्हेगारांनी तर हेच हत्यार उलटे फिरवले. ‘रॅग्नार लॉकर’ या रॅन्समवेअर टोळीने हल्ला केलेल्या यंत्रावर स्वतःच व्हर्च्युअलबॉक्स बसवून त्यात छोटा विंडोज एक्सपी सुरू केल्याचे सोफोस या सुरक्षा कंपनीने २०२० मध्ये उघड केले. रॅन्समवेअर त्या एक्सपीच्या आत बसून, शेअर केलेल्या ड्राइव्हमधून बाहेरच्या फाइली कुलूपबंद करत होते. बाहेरच्या अँटिव्हायरसला दिसत होते ते एवढेच, की व्हर्च्युअलबॉक्स नावाचा भला प्रोग्रॅम फाइली बदलतो आहे.

क्वचित हायपरव्हायजरमध्येच भगदाड निघते. २०१५ मध्ये ‘व्हेनम’ नावाचा दोष सापडला, तोही क्यूईएमयू या सॉफ्टवेअरमधल्या काल्पनिक फ्लॉपी ड्राइव्हच्या कोडमध्ये! फ्लॉपी कोणी वापरत नव्हते, पण तिचा कोड मात्र जागेवर होता. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ या दोषांनी तर प्रोसेसरच्या पातळीवरच एकाची माहिती दुसऱ्याला चोरता येऊ शकते हे दाखवून दिले. आणि एका यंत्रात वीस सर्व्हर कोंबले, की ते एक यंत्र पडल्यावर वीसही पडतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये व्हीएमवेअरच्या ‘ईएसएक्सआय’ या सर्व्हर प्रणालीच्या अपडेट न केलेल्या आवृत्त्यांवर जगभर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, तेव्हा अनेक संस्थांनी हे अनुभवले.

फुकट मिळते का? लायसन्सचे काय?

हायपरव्हायजर फुकट मिळतो. व्हर्च्युअलबॉक्सचा मूळ भाग मुक्त स्रोत आहे, मात्र त्याच्या वेगळ्या ‘एक्स्टेन्शन पॅक’चे फुकट लायसन्स वैयक्तिक आणि शैक्षणिक वापरापुरतेच आहे. दुकानात तो डाउनलोड करण्याआधी थांबा. साध्या कामाला त्याची गरज पडत नाही. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर २०२४ पासून व्यावसायिक वापरासाठीही मोफत झाले. गंमत म्हणजे, नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेतल्यावर ब्रॉडकॉमने मोठ्या ग्राहकांसाठीची कायमस्वरूपी लायसन्स बंद करून वर्गणी पद्धत आणली, म्हणून अनेक कंपन्या पर्याय शोधू लागल्या. आपल्यासारख्या किरकोळ वापरकर्त्यांना मात्र तीच वस्तू फुकट.

आतल्या विंडोजला स्वतंत्र लायसन्स लागते, हे बहुतेकांना माहीतच नसते. जुन्या सीपीयूवर स्टिकर लावून आलेले ‘ओईएम’ लायसन्स त्या यंत्रापुरतेच असते. ते कायद्याने व्हर्च्युअल मशीनमध्ये हलवता येत नाही. वेगळा डबा विकत घेऊन आणलेले ‘रिटेल’ लायसन्स असेल तर हलवता येते. एक्सपीचे नवे लायसन्स आता दुकानात मिळत नाही आणि इंटरनेटवर ‘आयती एक्सपी’ म्हणून फिरणाऱ्या फाइली कुणी, त्यात काय घालून बनवल्या आहेत, याचा भरवसा नाही. कपाटात मूळ सीडी आणि तिच्या खोक्यावरची की असेल, तर ती जपून ठेवा. लिनक्सला हा प्रश्नच नाही.

फोनवर व्हर्च्युअल मशीन चालते का?

चालते. २०२५ च्या मार्चमध्ये गुगलने पिक्सेल फोनसाठी ‘टर्मिनल’ हे अ‍ॅप दिले. डेव्हलपर ऑप्शन्समधून ते सुरू केले की फोनमधल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये डेबियन लिनक्स उघडते. सध्या ते प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांच्या कामाचे आहे. फोनवर एक्सपी चालवून पेजमेकर उघडण्याचे स्वप्न कुणी बघत असेल, तर त्याला पुन्हा तीच एआरएमची भिंत आडवी येते.

उलट बाजूने, ब्लूस्टॅक्ससारख्या सॉफ्टवेअरने पीसीवर अँड्रॉइड चालवणारे पुष्कळ आहेत. गेमसाठी ठीक. पण त्यात यूपीआय किंवा बँकेचे अ‍ॅप चालवण्याच्या भानगडीत पडू नये. ही अ‍ॅप सिमकार्डाशी आणि फोनशी बांधलेली असतात. ‘हा मोड केलेला इम्युलेटर वापरा, चालेल’ असे सांगणारा तुमचे भले बघत नसतो.

सुरुवात कशी करावी?

जुने यंत्र चालू आहे तोवरच. हार्डडिस्क गेल्यावर व्हर्च्युअल मशीन काहीही वाचवू शकत नाही. आधी सगळा डेटा, फाँटच्या सीडी, सॉफ्टवेअरच्या सीरियल की आणि प्रिंटरचे ड्रायव्हर एका बाहेरच्या डिस्कवर घ्या. जुनी हार्डडिस्क जशीच्या तशी व्हर्च्युअल डिस्कमध्ये बदलणारी साधने आहेत, पण वीस वर्षांचा कचरा आणि ड्रायव्हरही सोबत येतात. शिवाय यंत्र बदलल्याचे ओळखून विंडोज पुन्हा अ‍ॅक्टिव्हेशन मागते. सीडी हाताशी असतील तर कोऱ्या मशीनवर नव्याने बसवणे बरे. पहिल्यांदा करणाऱ्याचा अख्खा रविवार जातो, तो धरून चाला.

त्यानंतर दोन-तीन महिने दोन्ही यंत्रे शेजारी शेजारी ठेवा. सर्वांत जुनी आणि सर्वांत किचकट फाइल निवडा. तक्ते असलेला एखादा अहवाल, किंवा भरपूर जोडाक्षरांची पत्रिका. ती जुन्या यंत्रावरून आणि व्हर्च्युअल मशीनमधून, अशी दोनदा छापा. दोन्ही कागद एकावर एक ठेवून उजेडासमोर धरा. ओळ कुठे खाली सरकली आहे, कुठला रफार उडाला आहे, हे लगेच दिसेल. ओळींवर ओळी तंतोतंत बसेपर्यंत तो पिवळट सीपीयू भंगारवाल्याला देऊ नका.